ऑनर मोड, तिसरा प्रयत्न: ॲक्ट १ पार, हात अजून थरथरतायत

काल रात्री एकदाचा ॲक्ट १ संपवला मंडळी. बाल्डर्स गेट ३, ऑनर मोड, म्हणजे सेव्ह एकच, अख्खी पार्टी आडवी झाली की खेळ खल्लास. हवं तर साध्या मोडमध्ये पुढे खेळ असं गेम विचारतो खरं, पण मग ऑनर मोड पुरा केल्यावर मिळणारा सोनेरी डायस (फासा) विसरायचा, आणि मी तर त्याच्यासाठीच जीव टाकतोय.

आधीचे दोन रन कसे गेले तेही सांगून टाकतो. पहिला गिथयांकी नावाच्या लढवय्या जमातीच्या टोळीने गिळला, लेव्हल ४ ला तिथे कुणी तडमडतं का, पण मी तडमडलो. दुसऱ्यात मीच गॉब्लिन कँपमध्ये स्मोकपावडरचं (म्हणजे स्फोटक दारूचं) पिंप नेऊन ठेवलं आणि आपलीच माणसं त्याला खेटून उभी आहेत हे विसरून त्यावर फायर बोल्ट हा आगीचा मंत्र सोडला. त्यावर बोलायचं नाही.

यावेळी बार्ड (गाणारा-बजावणारा जादूगार) घेतलाय, बोलबच्चन एकदम. सोबतीला गेममधलेच साथीदार, मारामारीला कार्लॅक, जादूला गेल आणि क्लेरिक शॅडोहार्ट, तिला विदर्सकडून (पैसे घेऊन क्लास बदलून देणारा कँपमधला म्हातारा) १०० गोल्ड देऊन लाइफ डोमेनची, म्हणजे जखमा भरणारी, करून घेतली. कार्मिक डायस, म्हणजे सलग वाईट फासे पडू न देणारी सेटिंग, बंद ठेवलेत, ज्याचं त्याचं मत, मला नशीब खरंखुरं फुटलेलं आवडतं.

सगळ्यात मजा आली ती फेज स्पायडर मेट्रिआर्कशी, म्हणजे टेलिपोर्ट होणाऱ्या कोळ्यांच्या राणीशी, लढताना. आधी चोरपावलांनी जाऊन अंडी फोडली, नाहीतर पिल्लं अंगावर येतात, आणि मग बघतो तर बाई खोल दरीवर ताणलेल्या जाळ्यावर मस्त उभी. गेलने फायर बोल्ट मारला, तिला नाही, जाळ्याला. जाळं भुर्र जळालं, ती थेट खाली, धप्पकन आवाज आणि हेल्थ बार एकदम खाली सरकला. मग टेलिपोर्ट होऊन वर आली ती कुठे, तर दुसऱ्या जाळ्यावर! मी खुर्चीतून उठून नाचलो अक्षरशः. दोनदा पाडली, उरलेलं काम कार्लॅकने केलं.

लॅरियनवर, म्हणजे हा गेम बनवणाऱ्या स्टुडिओवर, जीव का आहे ते इथे कळतं. आपल्या डोक्यात एखादी वेडगळ आयडिया येते, वाटतं हे काही चालणार नाही, आणि ते चालतं. त्यांच्याच आधीच्या डिव्हिनिटी ओरिजिनल सिन २ मध्ये पण हेच, तेलावर आग, पाण्यात वीज, आणि उंदराशी गप्पा मारून खजिन्याचा पत्ता काढायचा. आणि ही माणसं १९९६ पासून हेच करतायत हो, बेल्जियममधल्या गेंटमध्ये, स्टुडिओप्रमुख स्वेन विंकेच्या हाताखाली. पहिल्या ओरिजिनल सिनला २०१३ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे मागितले तेव्हा टर्न-बेस्ड आरपीजी (पाळीपाळीने चाल करायचे रोल-प्लेइंग गेम) म्हणजे जुनाट प्रकार असं सगळे म्हणत होते, दहा वर्षांनी तोच प्रकार घेऊन तोच स्वेन चिलखत घालून स्टेजवर गेम ऑफ द इयर घ्यायला उभा. मला तर गहिवरून आलेलं, हसा खुशाल. वर पॅच ८ या अपडेटमध्ये, म्हणजे रिलीजनंतर दीडेक वर्षाने, १२ नव्या सबक्लास (क्लासचे उपप्रकार) फुकट दिल्या. थँक्यू म्हणायला अजून काय पाहिजे.

२०२४ मध्ये बाल्डर्स गेट ४ आपण करणार नाही म्हणाले तेव्हा मी दोन दिवस रुसलो होतो. मग २०२५ च्या डिसेंबरमध्ये नुसत्या ‘डिव्हिनिटी’ नावाने नवा गेम जाहीर झाला आणि रुसवा गेला, डिव्हिनिटीतलं रिव्हेलॉन हे जग म्हणजे त्यांचं स्वतःचं घर, तिथे बाल्डर्स गेटसारखे दुसऱ्याचे (डंजन्स अँड ड्रॅगन्सचे) नियम पाळायची गरज नाही. माझी एकच विनवणी, ओरिजिनल सिन २ मधलं ते फिजिकल आणि मॅजिक आर्मरचं दुहेरी झंझट परत आणू नका राव. आधी आर्मर खरवडा, मग शत्रूला स्टन करा (गोठवा), निम्मी पार्टी बिनकामाची उभी. पिंपं मात्र भरपूर ठेवा (हो, शिकलोय आता, लांबून फोडेन).

तर आता ॲक्ट २. लास्ट लाइट इन या सराईतली आयसोबेलची लढाई डोक्यात घोळतेय, सराईवर जादूचं कवच धरून ठेवणारी बाई तीच, ती पडली की कवच गेलं आणि आतली जवळजवळ सगळी माणसं गेली. शॅडोहार्टला सँक्चुअरी (एखाद्याला हल्ल्यापासून वाचवणारा मंत्र) प्रिपेअर करायला लावलाय, कार्लॅकला जिन्याजवळ उभी करणार आणि आयसोबेलशी बोलायला जायच्या आधी सगळ्यांची लाँग रेस्ट, म्हणजे ताकद आणि मंत्र पुन्हा भरून देणारी रात्रीची विश्रांती. शनिवारी बसतो, जगलो तर लिहितो.