एफएफटीवरचं ते पीक खरं की खोटं?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांचे मेंटेनन्सवाले असोत की डिप्लोमाची मुलं, एक प्रश्न हमखास येतो: "सर, सर्किटमध्ये ३५ किलोहर्ट्झचं काहीच नाही, मग स्कोपवर एफएफटी लावला की तिथं पीक कुठनं येतं?" तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगतो. एफएफटी म्हणजे स्कोपनं (ऑसिलोस्कोपनं) सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगवेगळ्या करून दाखवणं, आणि पीक म्हणजे त्यात उभा राहिलेला उंचवटा.

आधी स्क्रीनवर सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला किती नमुने घेतले जातायत, किती दिसतोय ते बघा. खोक्यावर १ गिगासॅम्पल छापलेलं असतं, पण तो कमाल वेग. मेमरी ठरलेली असते. समजा १०,००० पॉइंटची आहे आणि टाइमबेस (स्क्रीनवरच्या एका खान्याचा वेळ) १० मिलिसेकंदांवर ठेवलाय. दहा खान्यांचे १०० मिलिसेकंद झाले, म्हणजे सेकंदाला १ लाखच नमुने. त्याच्या निम्म्याच्या, ५० किलोहर्ट्झच्या, वरचं जे असेल ते दुमडून खाली येतं. पॅनेलमधल्या एसएमपीएसचं (स्विचिंग पॉवर सप्लायचं) स्विचिंग ६५ किलोहर्ट्झचं असेल, तर १०० वजा ६५, ते ३५वर उभं राहतं. त्याचा तिसरा हार्मोनिक, म्हणजे तिप्पट फ्रिक्वेन्सी, १९५चा, तो थेट ५वर. आणि ५ किलोहर्ट्झ दिसलं की लोक ड्राइव्हच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्राच्या) कॅरिअरवर, म्हणजे त्याच्या स्विचिंग फ्रिक्वेन्सीवर, संशय घेतात, धडधाकट ड्राइव्ह उघडून बसतात. याचं मला फार वाईट वाटतं.

पारख सोपी आहे: टाइमबेस बदला. खरं पीक त्याच फ्रिक्वेन्सीवर राहतं, खोटं पळतं. पण एका पायरीवर थांबू नका. ५ मिलिसेकंदांवर रेट २ लाख होतो, ६५ आपल्या जागी येतं. १९५ मात्र तिथंही ५वरच दिसतं! २ मिलिसेकंदांवर, ५ लाखांना, तेही सुटतं.

मग टाइमबेस मुळात संथ का ठेवायचा? कारण १०० मिलिसेकंदांत १० हर्ट्झपर्यंतचा फरक कळतो, २० मिलिसेकंदांत ५०चाच. ५० हर्ट्झच्या आसपासचं बारकाईनं बघायचं असेल, तर कमी व्होल्टेजच्या बाजूला प्रोबच्या आधी १० किलोओहम आणि १५ नॅनोफॅरडचा साधा आरसी (रेझिस्टर-कपॅसिटरचा) फिल्टर लावा; साधारण १ किलोहर्ट्झच्या वरचं दबत जातं. स्कोपमधला २० मेगाहर्ट्झचा बँडविड्थ लिमिट इथं कामाचा नाही, अ‍ॅव्हरेजिंगही नाही. एकदा दुमडून मेमरीत गेलेलं नंतर वेगळं काढता येत नाही.

आणि मला फोटो पाठवाल तेव्हा सॅम्पल रेटचा आकडा दिसेल असा काढा.