कंट्रोल पॅनेल अपडेट: ट्रॅकबॉलला मधोमध जागा नाही

मी बनवत असलेल्या आर्केड गेम मशीनच्या कंट्रोल पॅनेलचा मागच्या अपडेटमधला लेआउट रद्द केलाय. कागदावर तो देखणा होता: 660 मिमी रुंदी, डावीकडे प्लेयर वनची स्टिक आणि सहा बटणं, उजवीकडे प्लेयर टूचा तोच संच, आणि मधोमध 3 इंची ट्रॅकबॉल, म्हणजे हाताने फिरवायचा चेंडू. पुठ्ठ्यावर उतरवून, खरी बटणं आणि स्टिक त्यात बसवून भाऊ आणि मी समोर उभे राहिलो. स्ट्रीट फायटर टूची पहिली लढत संपायच्या आत कळलं की हे चालायचं नाही.

ज्यांचं पॅनेल अजून कागदावर आहे त्यांनी पुठ्ठ्याची पायरी गाळू नका. जाड पुठ्ठा घ्या, आराखडा पूर्ण आकारात छापा आणि त्यावर 100 मिमीची एक रेघ मुद्दाम काढून ठेवा. प्रिंटरला पान आवळायची खोड असते. छापल्यावर ती रेघ 97 भरली तर सगळी भोकं चुकणार. आणि पुठ्ठा टेबलावर ठेवून बसून तपासू नका. पॅनेल ज्या उंचीवर येणार तिथे, माझ्या बाबतीत जमिनीपासून 94 सेंमीवर, तो टेकवा आणि उभं राहून खेळा. बसलेल्या माणसाची मनगटं वेगळंच सांगतात.

आता मूळ भानगड. वरून मोजलं तर सगळं मावतं. चेंडू 76 मिमीचा, दोन्ही बाजूंना बोटं जातील इतकी जागा उरते. पण पॅनेलखाली चेंडूची पेटी असते आणि ती त्याच्या जवळपास दुप्पट. माझ्याकडची 150 मिमी रुंद आहे. मधोमध ठेवली की पॅनेलच्या डाव्या कडेपासून 255 ते 405 मिमीचा पट्टा तिचा. प्लेयर टूच्या स्टिकचं केंद्र माझ्या आराखड्यात 415 वर, आणि सान्वा जेएलएफचं, म्हणजे माझ्या स्टिकचं, अंग केंद्राच्या दोन्ही बाजूंना तीन सेंमीच्या वर पसरतं. म्हणजे वर दोघांत सभ्य अंतर आणि खाली एकाच्या पोटात दुसरा. त्यात ज्या विक्रेत्याकडून ट्रॅकबॉल घेतला त्याच्या आकृतीत पेटीची मापं होती, पण स्क्रूचे कान आणि बाजूने बाहेर येणारा कनेक्टर गायब. ट्रॅकबॉल घेताना आकृती नको, वस्तू हातात आल्यावर कॅलिपर लावा.

दोन्ही स्टिक बाहेर सरकवून पाहिल्या. डावीकडे पॅनेलखाली कॅबिनेटची 18 मिमीची भिंत उभी आहे, त्यामुळे प्लेयर वनची स्टिक फार सरकत नाही, खालचं अंग भिंतीला टेकतं. फक्त प्लेयर टूला सरकवलं तर तो पडद्याच्या मध्यापासून इतका लांब जातो की भाऊ म्हणाला, मी शेजारच्या घरातून खेळतोय.

पेटीचा तिढा एक वेळ सुटला असता. 2¼ इंची, म्हणजे 57 मिमीचा चेंडू मिळतो आणि त्याची पेटीही आटोपशीर असते. पण मला तो पटत नाही. मोठ्या चेंडूला वजन असतं, एकदा भिरकावला की तो स्वतःच्या जोरावर फिरत राहतो. मिसाइल कमांड या खेळात एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात क्रॉसहेअर (नेमाची खूण) न्यायचा तो याच जोरावर. लहान चेंडू हात उचलताच थांबतो. ज्यांना फक्त सेंटिपीड खेळायचाय त्यांना कदाचित फरक पडणार नाही, मला पडतो.

खरं दुखणं हातांचं निघालं. प्लेयर वनचा उजवा हात बटणांवर असला की कोपर बाहेर जातं आणि पुढचा हात पॅनेलच्या पुढच्या कडेवर तिरका टेकतो. तो टेकतो नेमका मधोमध, म्हणजे चेंडू पुढे असेल तर चेंडूवर. घामट हात फिरत्या चेंडूवर ठेवून स्ट्रीट फायटरमधला हादोकेनचा डाव मारून बघा. बरं, चेंडू मागे, पडद्याच्या बाजूला ढकलला तर? तेही केलं. हात सुटले, पण गोल्डन टी हा गोल्फचा खेळ आडवा आला. त्यात चेंडू मागे ओढून पुढे सणसणीत फटका मारायचा असतो, आणि तो हात चेंडूवर थांबत नाही. पॅनेलची खोली 280 मिमी. चेंडू मागच्या निम्म्यात असला की बोटांची टोकं थेट बेझलवर, म्हणजे पडद्याभोवतीच्या चौकटीवर आदळतात. म्हणजे दोघांच्या लढतीला चेंडू मागे हवा आणि गोल्फला पुढे. एकाच भोकात दोन्ही जमणं शक्य नाही.

या टप्प्यावर बहुतेक लोक फ्रँकनपॅनेलकडे वळतात: पॅनेल 90 सेंमीचं करा, दोन स्टिक, मध्ये चेंडू, वर कोपऱ्यात 4-वे (चारच दिशांची स्टिक), बाजूला स्पिनर (गोल फिरवायची मूठ), सगळं एकदम. मला ते बघवत नाही. कॅबिनेटच्या दोन्ही बाजूंनी पॅनेल बाहेर आलं की मूळ मशीनची ठेवणच जाते, आणि कुठलाही खेळ लावला तरी निम्मं पॅनेल रिकामं बसून असतं. दुसरा पर्याय अदलाबदलीची अख्खी पॅनेलं. कल्पना चांगली, पण त्यात प्रत्येक पॅनेलवर प्लेयर वनची स्टिक आणि बटणं पुन्हा आली, पुन्हा तेवढ्याच वायरी.

हेच इथे लिहायला म्हणून जुने आराखडे पुन्हा मांडून बसलो होतो, आणि ट्रॅकबॉलच्या खेळांची यादी बघताना लक्षात आलं की त्यातला जवळपास प्रत्येक खेळ एका वेळी एकच जण खेळतो. सेंटिपीडमध्ये दोघं असले तरी आळीपाळीने. मग चेंडू आणि प्लेयर टू यांची एकमेकांशी गाठ पडण्याचं कारणच काय? पॅनेल मधोमध कापायचं. डावा अर्धा भाग कायमचा, प्लेयर वनचा. उजवा अर्धा भाग निघणारा: एका मॉड्यूलवर प्लेयर टू, दुसऱ्यावर ट्रॅकबॉल.

लगेच मापं घेतली आणि सगळं गुमान बसलं. उजव्या 330 मिमीच्या मध्यावर चेंडू ठेवला तर पेटी 420 ते 570 मध्ये येते, आजूबाजूला कोणीच नाही. चेंडू पुढच्या कडेपासून 100 मिमीवर, म्हणजे गोल्डन टीच्या फटक्याला मागे 18 सेंमी मोकळे. आणि मिसाइल कमांडच्या मूळ मशीनवर चेंडूच्या डाव्या हाताला तीन फायर बटणं असतात, डाव्या, मधल्या आणि उजव्या क्षेपणास्त्र-तळासाठी एकेक. माझ्याकडे चेंडूच्या डावीकडे आपोआप काय येतंय? प्लेयर वनची खालची तीन बटणं! त्यांची कमान उजव्या हाताच्या बोटांसाठी काढलेली आहे, डाव्या हाताला ती थोडी उलटी लागते, पण पुठ्ठ्यावर खेळून पाहिलं तर बोटं चुकत नाहीत. 1980 च्या मशीनची मांडणी कुठलीही कसरत न करता मिळाली, त्या आनंदात त्या दिवशी पुढचं काही केलंच नाही.

रोबोट्रॉन या खेळाचा प्रश्नही सुटला. त्याला एकाच माणसासाठी दोन 8-वे (आठ दिशांच्या) स्टिक लागतात, एक चालायला, एक गोळ्या झाडायला. प्लेयर वन आणि टूच्या स्टिकमध्ये 330 मिमी अंतर राहतं आणि मधे उभं राहून दोन्ही धरल्या तर खांदे अवघडत नाहीत. मेममध्ये (जुने आर्केड खेळ संगणकावर चालवणारं सॉफ्टवेअर) उजव्या स्टिकच्या चार दिशा प्लेयर टूच्या स्टिकला जोडल्या की झालं.

आता या कापाकापीने उभे केलेले नवे प्रश्न. पहिला स्टार्ट बटणांचा. माझा आय-पॅक (बटणं आणि स्टिक संगणकाला जोडणारा बोर्ड) कीबोर्ड मोडमध्ये चालतो आणि त्यात स्टार्ट वन दाबून ठेवून स्टार्ट टू दाबलं की एस्केपची कळ जाते. मी खेळातून बाहेर पडायला तेच वापरणार, वेगळं एक्झिट बटण मला नकोय, कोणीतरी ऐन रंगात येऊन दाबतोच. पण स्टार्ट टू उजव्या मॉड्यूलवर असेल तर ट्रॅकबॉल लावल्यावर बाहेर पडायची वाटच बंद. म्हणून दोन्ही स्टार्ट बटणं पॅनेलवरून उठवून पुढच्या उभ्या पट्टीवर, 24 मिमीची. पॅनेलवरची गर्दीही तेवढी कमी झाली.

दुसरा प्रश्न वायरींचा. प्लेयर टूला चार दिशा, सहा बटणं आणि एक ग्राउंड, अशा अकरा वायरी. 15 पिनांचा डी-सब कनेक्टर लावला तर एका आय-पॅकवर सगळं भागतं. हेच करायचं ठरवलं होतं, अगदी वरचा परिच्छेद लिहीपर्यंत. आता वाटतंय, मॉड्यूलखालीच रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड चिकटवावा आणि त्यावर जीपी2040-सीई हे कंट्रोलरचं फर्मवेअर टाकावं. ट्रॅकबॉल तर यूएसबीच आहे, मग दोन्ही मॉड्यूल यूएसबीवर येतील आणि कॅबिनेटमधून एकच केबल बाहेर राहील. अट एवढीच की पिकोलाही कीबोर्ड मोडमध्ये ठेवायचं आणि मेमच्या प्लेयर टूच्या मूळ कळा द्यायच्या: दिशांना आर, एफ, डी, जी आणि पहिल्या चार बटणांना ए, एस, क्यू, डब्ल्यू. गेमपॅड मोडमध्ये ठेवलं तर कधी कुठलं उपकरण जोडलेलं होतं यावर जॉयस्टिकचे क्रमांक बदलायची शक्यता, आणि मग मेमच्या कंट्रोलर फाइलमध्ये कुठल्या उपकरणाला कुठला क्रमांक हे ठरवणाऱ्या मॅपडिव्हाइसच्या ओळी लिहीत बसा. कीबोर्डला ही कटकट नाही. डी-सबचे पिन सोल्डर करणं मला मनापासून नकोसं वाटतं, हेही एक कारण आहेच.

तिसरा प्रश्न पकडीचा. चुंबकांवर भागेल असं आधी वाटलं होतं. सराव म्हणून पुठ्ठ्याच्या जागी फळी ठेवून गोल्डन टीचा फटका मारला तर फळी मागून उचलली गेली. तेव्हा चुंबक बाद. जोडाखाली 40 मिमीचा लाकडी आडवा, दोन्ही भागांच्या कडा त्यावर टेकलेल्या, जागेवर बसायला डॉवेल पिना आणि खालून खेचायला टॉगल लॅच. लॅचपर्यंत हात कॉइन डोअरमधून, म्हणजे नाण्यांच्या दारातून पोहोचतो, ते तपासलंय. आडव्याला जागा आहे का? प्लेयर वनच्या तिसऱ्या स्तंभातल्या बटणाची कड 236 वर संपते आणि जोड 330 वर, म्हणजे त्या बाजूला भरपूर. उजवीकडे स्टिकचं अंग 382 पासून सुरू होतं, तिथेही जमतंय.

पॅनेल 18 मिमी एमडीएफचंच ठेवतोय. त्यावर जेएलएफ खालून तशीच लावली तर दांडी आखूड पडते आणि बॉलटॉप (दांडीवरचा गोळा) लाकडात रुतल्यासारखा दिसतो. राउटरने (लाकूड कोरायच्या यंत्राने) खालून खिसा पाडून वर 4 मिमी ठेवलं, दांडी साधारण 23 मिमी वर आली, अगदी हवी तेवढी. याच पातळ पट्ट्यात सान्वाची स्नॅप-इन बटणंही बसतात. ज्यांना खिसे पाडायचे नसतील त्यांनी सरळ लांब मानेची, नटवाली अमेरिकी पद्धतीची बटणं घ्यावीत, ती जाड लाकडासाठीच असतात. भोक मात्र सान्वासारखं 30 मिमीचं नाही, 1⅛ इंचाचं, म्हणजे साडेअठ्ठावीस मिमीच्या आसपास. भोकांसाठी फोर्स्टनर बिटच. होल सॉने एमडीएफची कड फाटते आणि बटणाची किनार ती पूर्ण झाकत नाही.

वरचं आवरण पॉलिकार्बोनेटचं. ॲक्रिलिक जास्त चकचकीत दिसतं, ओरखडेही कमी पडतात, पण भोक पाडताना तडकतं आणि इथे भोकं खूप आहेत. आता ते दोन तुकड्यांत कापावं लागणार. जोडावर दोन्ही कडा जरा घासून घेतल्या तर मनगटाला टोचणार नाहीत.

पॅकमॅन आणि डाँकी काँगचा 4-वेचा विषय अजून लोंबकळतोय. 8-वे स्टिकवर पॅकमॅन वळणावर अडखळतो, तिरकी दिशा लागली की झालं. जेएलएफचं गेट (दांडीच्या दिशा ठरवणारी चौकट) खालून फिरवता येतं, पण दर वेळी पॅनेल उघडून कोण फिरवणार? आता उजवा भाग निघतोच आहे, तर तिसरं मॉड्यूल करून त्यावर 4-वे स्टिक आणि टेम्पेस्ट, अर्कनॉइडसाठी स्पिनर बसवता येईल. स्पिनर उजव्या हाताला, फायर पुन्हा प्लेयर वनच्या बटणांवर. स्पिनर आणि स्टिक शेजारी ठेवल्या तर एकीचा बॉलटॉप दुसऱ्या हाताला लागेल का, हे पुठ्ठ्यावर बघायचंय. स्पिनर कोणी 4-वेच्या वर, मागच्या कोपऱ्यात बसवला असेल तर मापं कळवा.

राउटरचं टेम्प्लेट आधी डाव्या भागाचं करतोय. उजवी मॉड्यूलं त्याच्या जोडाच्या कडेवरूनच उतरवणार, कारण ती कड सगळीकडे तंतोतंत एक हवी. लॅच किती लावायचे ते गोल्डन टी खेळून ठरवेन.