स्कोअर ॲपचा लॉगिन सर्व्हर: शिळ्या रिफ्रेश टोकनचं काम मार्गी लागलं

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांच्या टीमची मॅच रंगली की गर्दीत मोबाइलचं नेटवर्क पार बसतं. आमच्या स्कोअर ॲपचं लॉगिन तिथंच तुटायचं. फोनकडं एक रिफ्रेश टोकन असतं; ते दाखवलं की परत पासवर्ड न टाकता लॉगिन पुढं चालू राहतं. गोल नोंदवणाऱ्या पोराच्या फोननं रिफ्रेश मागितलं, सर्व्हरनं जुनं टोकन बाद करून नवं दिलं, पण उत्तर वाटेतच हरवलं. फोन पुन्हा जुनंच टोकन घेऊन आला की सर्व्हरला वाटायचं चोरी झाली, आणि त्या लॉगिनची सगळी टोकनं रद्द! ऐन मॅचमध्ये परत पासवर्ड टाकत बसा.

टोकन दर वापराला बदलणं मात्र सोडायचं नव्हतं. अशी टोकनं ज्या ‘ओऑथ’ पद्धतीत वापरतात, तिच्या सुरक्षेचा दस्तऐवज म्हणजे जानेवारी २०२५ चा आरएफसी ९७००. त्यानुसार पब्लिक क्लायंटसाठी, म्हणजे स्वतःचं गुपित लपवू न शकणाऱ्या ॲपसाठी, एकतर हे करायचं, नाहीतर टोकन क्लायंटच्या किल्लीशी बांधायचं. आमच्या आकाराच्या ॲपला पहिलंच झेपतं.

आता टोकन बदललं की नवं टोकन ६० सेकंद एन्क्रिप्ट करून ठेवतो. एरवी डेटाबेसमध्ये फक्त हॅश असतो, म्हणजे ज्यावरून मूळ टोकन परत काढता येत नाही असा ठसा, त्यामुळं ही सोय वेगळी करावी लागली. तेवढ्या वेळात जुनं टोकन परत आलं आणि नवं अजून कुणी वापरलेलं नसलं, तर तेच नवं पुन्हा द्यायचं. आणखी एक बनवायचं नाही. चोर त्या मिनिटात घुसला तरी त्याच्या आणि खऱ्या मालकाच्या हातात एकच टोकन पडतं. पुढं एकानं ते वापरलं की दुसऱ्याचं शिळं ठरतं, आणि ते शिळं या सवलतीबाहेर परत आलं की त्या लॉगिनची सगळी टोकनं रद्द होतात. हा भाग मला फार आवडला.

दोन टॅब एकदम आले तर? आमच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ‘सिलेक्ट फॉर अपडेट’नं त्या टोकनची ओळ लॉक होते, दुसरा टॅब थांबतो आणि तेच उत्तर घेऊन जातो.

ॲपकडूनही शिस्त हवीच. आरएफसी ६७४९ या ओऑथच्या मूळ दस्तऐवजाप्रमाणं मुदत संपलेल्या किंवा रद्द टोकनला ४०० हा एरर कोड आणि ‘इनव्हॅलिड ग्रँट’ मिळतं. फक्त तेव्हाच लॉगिनचा पडदा दाखवायचा. टाइमआउट झाला किंवा ५०३ (सर्व्हर सध्या उपलब्ध नाही) आलं तर टोकन पुसायचं नाही, थोडं थांबून पुन्हा मागायचं. न गेलेले गोल तोवर फोनमध्येच रांगेत राहतात आणि लॉगिन झालं की आपोआप चढतात.

आता ‘सगळीकडून लॉगआउट’चं बटण बनवायला घेतलंय. त्यात एक पेच आहे: ते दाबल्यावर एन्क्रिप्ट केलेलं टोकनही त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये पुसलं गेलं पाहिजे. आमची मुदत ६० सेकंदांची; तुम्ही किती ठेवलीय, तेही सांगा.