गोल हॅलोजन काढून एलईडी हेडलाइट बसवला, त्याचा माझा अनुभव

माझ्या मोटरसायकलचा मूळ हेडलाइट सात इंची गोल, आत एच४ हॅलोजन बल्ब, म्हणजे अप्पर (लांबचा झोत) आणि डिपर (जवळचा, खाली पडणारा झोत) यांच्या दोन तारा (फिलामेंट) असलेला एकच बल्ब, ६०/५५ वॅटचा. तसा वाईट नव्हता, पण समोरून एखादी कार आली की तिचा झोत डोळ्यात जाऊन आपला लाइट चालू आहे की बंद तेच कळायचं नाही, आणि कार निघून गेल्यावर दोन-तीन सेकंद सगळं काळंच. म्हणून एलईडी करायचं ठरवलं.

पहिला प्रश्न हाच की नुसता एलईडी बल्ब टाकायचा की अख्खा हेडलाइट बदलायचा. बल्ब सोपा, पाच मिनिटांचं काम, पण मी थोडं खोलात गेलो आणि बेत रद्द केला. एच४ मध्ये डिपरच्या फिलामेंटखाली एक छोटी पत्र्याची वाटी असते, ती खाली जाणारा उजेड अडवते म्हणून रिफ्लेक्टरचा (बल्बमागच्या चकचकीत आरशाचा) वरचा अर्धाच भाग उजळतो आणि समोर झोताला वरून सरळ कडा मिळते. रिफ्लेक्टरची सगळी रचना त्या फिलामेंटच्या जागेवर बेतलेली असते. एलईडी बल्बमधले चिप एक-दोन मिलिमीटर जरी पुढेमागे असले तरी ती कडा विस्कटते, उजेड भरपूर दिसतो पण तो झाडांवर आणि समोरच्याच्या डोळ्यात. शिवाय हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब टाकणं बऱ्याच देशांत नियमात बसत नाही. म्हणून स्वतःची लेन्स असलेला पूर्ण सात इंची एलईडी हेडलाइट घेतला. घेताना एक गोष्ट मुद्दाम बघितली, ती म्हणजे झोत कुठल्या बाजूला वर उचललेला आहे. डावीकडून गाडी चालवतात तिथे तो डावीकडे वर जायला हवा, म्हणजे रस्त्याची कड दिसते. उजव्या वाहतुकीसाठी बनवलेला हेडलाइट लावला तर तोच उचललेला भाग बरोब्बर समोरून येणाऱ्याच्या तोंडावर जातो आणि कितीही अ‍ॅडजस्ट केलं तरी ते जात नाही.

आता वायरिंग. आधी हेडलाइटला डीसी (बॅटरीसारखा एकाच दिशेचा प्रवाह) मिळतोय की एसी (दिशा सतत बदलणारा) हे बघून घ्या. बऱ्याच छोट्या आणि जुन्या गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसतो, थेट मॅग्नेटोच्या (इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागाच्या) कॉइलवर चालतो, रेस दिली की लाइट वाढतो आणि सोडली की मंद होतो. मित्राच्या गाडीत असंच होतं, त्याने साधा डीसी एलईडी लावला तर तो नुसता लुकलुकायचा, शेवटी त्याला हेडलाइटची लाइन बॅटरीवर घ्यावी लागली. इंजिन बंद असताना लाइट लागत नाही म्हणजे एसी असं काही जण सांगतात, पण हल्ली कित्येक डीसी गाड्यांतही इंजिन सुरू झाल्यावरच लाइट लागतो, तेव्हा ही खूण धरू नका. इंजिन चालू ठेवून कपलरवर (हेडलाइटच्या वायरींच्या प्लगवर) मल्टिमीटर लावायचा, डीसीवर साडेतेरा-चौदा व्होल्ट दिसले की झालं. माझ्याकडे डीसी निघाला, सुटलो.

कपलरला तीन पिना असतात, डिपर, अप्पर आणि अर्थ. वायरच्या रंगावर मी विसंबलो नाही, एकेका गाडीचे रंग वेगळे. मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला धरली, लाल एकेका पिनेवर, डिपरला कुठली जिवंत होते, अप्परला कुठली, उरलेली अर्थ, आणि ती अर्थच आहे हे मीटरच्या कंटिन्युइटीवर (जोड सलग आहे का ते दाखवणाऱ्या सेटिंगवर) परत तपासलं. हॅलोजनला उलटसुलट काही फरक पडत नाही, तापली तार की लागला लाइट, पण एलईडीला अर्थ चुकलेला चालत नाही. रिले (जास्त करंटसाठी लावतात तो वेगळा स्विच) वगैरेची गरज मला लागली नाही कारण ५५ वॅटचा बल्ब बारा व्होल्टला साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो आणि हा नवा त्याच्या निम्मासुद्धा ओढत नाही, मूळ वायरिंग आणि फ्यूज निवांत आहेत.

खरी कुस्ती झाली ती बाउलमध्ये, म्हणजे हेडलाइटच्या मागच्या गोल डब्यात. रिंगचे स्क्रू काढून काच बाहेर घेतली तर आत अख्ख्या गाडीचं वायरिंग कोंबलेलं, इंडिकेटरचे कपलर, मीटरच्या वायरी, हॉर्नची लाइन. हॅलोजनच्या मागे मोकळी जागा असते, एलईडीच्या मागे मात्र उष्णता बाहेर टाकणारा अ‍ॅल्युमिनियमचा जाडजूड हीट सिंक असतो आणि तो ती जागा व्यापतो. सगळे कपलर बाउलच्या तळाला आणि बाजूंना सरकवून, झिप टाय लावून मधली जागा मोकळी केली. वायरी हीट सिंकला टेकू द्यायच्या नाहीत, आणि जोडावर नुसती चिकटपट्टी नको, उष्णतेने तिचा गोंद वितळून चिकचिकाट होतो, हीट श्रिंक ट्यूब (तापवली की आवळून बसणारी नळी) वापरा. रिंग घट्ट करायच्या आधी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघायचं, एखादी वायर ताणली जात असेल तर तेव्हाच कळतं.

इथपर्यंत लोक येतात आणि थांबतात. लाइट लागला, पांढराशुभ्र, फोटो काढला, संपलं. पण अ‍ॅडजस्टमेंट केली नसेल तर तो लाइट म्हणजे समोरच्याला शिक्षा आहे, आणि तुम्हालाही रस्ता हवा तसा दिसत नाही.

मी सपाट जागेवर भिंतीपासून दहा मीटरवर गाडी लावली. आधी टायरची हवा बरोबर केली. गाडी डबल स्टँडवर नाही, साइड स्टँडवरही नाही, दोन्ही चाकांवर सरळ, आणि वर मी स्वतः बसलेलो, कारण माझ्या वजनाने मागचं सस्पेन्शन दबतं आणि झोत वर जातो. दुसऱ्या माणसाने हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासून उंची मोजली, ९५ सेंटीमीटर. भिंतीवर तेवढ्याच उंचीला एक आडवी मास्किंग टेप, तिच्या खाली दहा सेंटीमीटरवर दुसरी. हिशोब सरळ आहे, दहा मीटरला दहा सेंटीमीटर खाली म्हणजे एक टक्का उतार, आणि ९५ सेंटीमीटर उंचीवरून एक टक्क्याने निघालेला झोत साधारण ९५ मीटरवर जमिनीला टेकतो. दोन टक्के केला तर तोच ४७-४८ मीटरवर टेकतो. रिंगच्या बाजूच्या स्क्रूला पाव फेरा दिला की भिंतीवरची कडा भसकन खालीवर होते, तेव्हा हळू हातानेच. डिपरवर ठेवूनच सेट करायचं, अप्पर बघून नाही.

एक टक्क्यावर सेट करून खूश होतो, मग मागे बायकोला बसवलं आणि भिंतीकडे बघितलं तर कडा वरच्या टेपच्याही वर! मागचं सस्पेन्शन तीन सेंटीमीटर जास्त दबलं होतं, फक्त तीन, पण दोन चाकांमधलं अंतर साधारण १३५ सेंटीमीटर, म्हणजे गाडी दोन टक्क्यांहून जास्त मागे कलली. एक टक्का खाली असलेला झोत तेवढ्यानेच आभाळाकडे निघाला. कारमध्ये लांबी जास्त म्हणून हे इतकं जाणवत नाही, मोटरसायकलला फार जाणवतं. आता एकट्यासाठी दीड टक्क्यावर ठेवलाय, डबलसीट लांब जायचं असेल तर सी स्पॅनरने मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) वाढवून घेतो, त्याने झोत बऱ्यापैकी जागेवर येतो. रात्री कुणी समोरून लाइट मिचकावला तर मी अजूनही आधी आपलाच लाइट बघतो.

रस्त्यावर फरक मोठा आहे. झोताच्या खाली सगळं लख्ख, खड्ड्याची कड, खडी, पांढरा पट्टा. पण कडेच्या वर एकदम अंधार, हॅलोजनचा उजेड वर थोडा पसरायचा त्यामुळे झाडाची खालची फांदी किंवा पाटी दिसायची, इथे ती अप्पर मारल्याशिवाय दिसत नाही. वळणावर गाडी झुकली की ती सरळ कडासुद्धा झुकते आणि वळणाच्या आतली बाजू नेमकी अंधारात जाते, याची सवय व्हायला वेळ लागला. पावसात ओल्या डांबरावर हा पांढरा उजेड मला हॅलोजनच्या पिवळट उजेडापेक्षा कमीच वाटतो, लोक काहीही म्हणोत.

आणखी एक, हॅलोजन पुढच्या काचेला तापवायचा त्यामुळे आतली दमट हवा वाळून जायची. एलईडीची उष्णता मागे हीट सिंककडे जाते, काच थंडच राहते, गाडी धुतल्यावर आतून धुकं धरतं. माझ्या हेडलाइटच्या मागे हवा जायला छोटं छिद्र आहे, बाउलमधल्या वायरींनी ते झाकलं गेलं होतं, ते मोकळं केल्यावर धुकं तासाभरात जातं. अ‍ॅडजस्टमेंटच्या स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका लावलाय, खडबडीत रस्त्यावर स्क्रू फिरला तर ठिपका सरकलेला दिसतो.