यष्ट्यांमागची जागा

आठवीत असताना आमच्या क्रीडाशिक्षकांनी मला सीमारेषेवरून बोलावून यष्ट्यांमागे बसवले. चेंडू तांबड्या मातीवर टप्पा पडून वर येईल तसतसे आपणही उठायचे, आधी नाही, आणि हाताची बोटे चेंडूच्या दिशेने न रोखता जमिनीकडे ठेवायची, एवढेच त्यांनी त्या दिवशी सांगितले. सामना संपल्यावर सर धावांच्या वहीत सर्वांत आधी बायच्या धावा, म्हणजे बॅटला किंवा अंगाला न लागता यष्टिरक्षकाकडून सुटलेल्या चेंडूंवर गेलेल्या धावा, पाहत. माझ्या पन्नास धावांचे कौतुक त्यानंतर होई.

ते १९८७ साल होते. गोव्याचा संघ रणजी करंडकात उतरून दोनच वर्षे झाली होती. त्या वर्षीच्या ५ नोव्हेंबरला, तुळशीच्या लग्नाच्या दिवसांत, वानखेडेवर विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला. वेंगसरकर आजारी असल्यामुळे मुंबईचे यष्टिरक्षक चंद्रकांत पंडित यांना संघात घेतले होते, मात्र केवळ फलंदाज म्हणून. यष्टिरक्षण किरण मोरे यांच्याकडेच होते. पंडितांनी २४ धावा केल्या आणि इंग्लंडने तो सामना ३५ धावांनी जिंकला. प्रशिक्षक रमाकांत आचरेकरांच्या हाताखाली घडलेल्या या यष्टिरक्षकाला ग्लव्हज न घालता मैदानात उभे राहावे लागते, याचे मला फार वाईट वाटले होते. त्यांचे कसोटी पदार्पणही १९८६ मध्ये हेडिंग्लेला निव्वळ फलंदाज म्हणूनच झाले होते. पुढे ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामन्यांवर त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द थांबली.

त्यांचे खरे मोठेपण मला प्रशिक्षक म्हणून कळले. मुंबईला रणजी करंडक मिळवून देणे ही मोठी गोष्ट आहेच, पण विदर्भासारख्या, कधीही अंतिम फेरी न पाहिलेल्या संघाला २०१७-१८ आणि २०१८-१९ असे लागोपाठ दोनदा विजेते करणे, ही गोष्ट आम्हा गोवेकरांना अधिक जवळची वाटते. यष्टिरक्षकाची जागाच तशी आहे, असे मला वाटते. नव्वद षटकांच्या दिवसात तो किमान ५४० वेळा खाली बसतो आणि उठतो. गोलंदाजाचे मनगट, फलंदाजाचे पाय आणि सगळे क्षेत्ररक्षण त्याला एकाच वेळी समोरून दिसते, आणि कोणाची हालचाल मंदावली आहे, कोण घाबरला आहे, हे कर्णधाराच्याही आधी त्याला समजते. पंडितांची शिस्त कडक असल्याचे सगळेच सांगतात; ती अशा वर्षानुवर्षांच्या पाहण्यातून आलेली आहे, अशी माझी श्रद्धा आहे.

१९९९ साली बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून ते रणजीचा अंतिम सामना खेळले. पहिल्या डावात आघाडी घेऊनही त्यांचा संघ कर्नाटकाकडून हरला. तेवीस वर्षांनी, २६ जून २०२२ रोजी, त्याच मैदानावर त्यांच्या मार्गदर्शनाखाली मध्य प्रदेशने मुंबईला सहा गड्यांनी हरवून पहिल्यांदा करंडक जिंकला. स्वतःच्याच जुन्या संघाविरुद्धचा तो विजय आणि त्यानंतर पंडितांना अनावर झालेले अश्रू दूरचित्रवाणीवर पाहताना माझेही डोळे भरून आले.

त्याच संध्याकाळी मी सरांना फोन केला. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली आहेत, ऐकूही कमी येते. मी पंडितांचे नाव दोनदा मोठ्याने सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "बरे झाले रे. फार वर्षे थांबला तो." मग थोडा वेळ गेल्यावर त्यांनी विचारले, "मध्य प्रदेशचा यष्टिरक्षक कोण?"

"हिमांशू मंत्री," मी म्हणालो.

"बाय किती दिले त्याने? बघ आणि मला सांग."