तुम्ही विचारलंत म्हणून: इंजेक्शन देताना चिंगी चावत नाही का?

“इंजेक्शन तुम्ही स्वतः देता? चावत नाही ती?” घरी येणारा प्रत्येक जण हे विचारतोच. नाही चावत. तिचं तोंड तेव्हा ताटलीत असतं.

चिंगी आमची कुत्री, आणि तिला मधुमेह आहे. बारा-बारा तासांनी दोनदा जेवण, आणि ती ताटली चाटायला लागली की इन्सुलिन. सुई अगदी बारीक आणि आखूड असते. खांद्यामागची सैल कातडी चिमटीत उचलायची आणि त्या घडीच्या बुडाशी सुई घालायची, स्नायूत नाही.

सांगायला सोपं. पहिल्या आठवड्यात माझी सुई घडीच्या एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर आली. बोटांना ओले केस लागले, दवाखान्यासारखा उग्र वास आला. औषध आत किती गेलं, केसांवर किती सांडलं, काही कळेना. चिंगी निवांत ताटली चाटत होती, घाम मला फुटला होता. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, “पुन्हा अजिबात देऊ नका. एक वेळ साखर वाढलेली चालेल, डोस दुप्पट झाला तर जिवावर बेतेल.”

भ्यायचंच असेल तर सिरिंजला भ्या. इन्सुलिन ४० युनिटचं असतं आणि १०० युनिटचंही, म्हणजे एका मिलीलीटरमध्ये तेवढे युनिट. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या. १०० चं औषध ४० च्या सिरिंजमध्ये त्याच रेघेपर्यंत भरलं, तर डोस अडीच पट होतो. मी बाटली आणि सिरिंजचं पाकीट शेजारी धरून आकडा मोठ्याने वाचते. घरचे हसतात, हसू देत.

ती जेवली नाही, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुई नाही. झोकांड्या जायला लागल्या किंवा अंग थरथरलं, तर साखर फार उतरली असं समजून हिरड्यांना मध चोळायचा आणि दवाखाना गाठायचा.

“माणसांचं औषध कुत्र्याला?” असंही कुणीतरी विचारतं. अहो, १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट या संशोधकांनी इन्सुलिन शोधलं, तेच मुळी कुत्र्यांवर प्रयोग करून!

चिंगीला आता मोतीबिंदू झालाय, मधुमेही कुत्र्यांना तो बऱ्याचदा होतो. पण इन्सुलिन काढायला फ्रिजचं दार उघडलं, की भिंतीला अंग घासत बाईसाहेब ताटलीपाशी हजर.