टोमॅटोतले पाणी आणि कारखान्याचा हिशेब

पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचा भाव कोसळला की दोन गोष्टी ठरलेल्या असतात: माल रस्त्याच्या कडेला ओतला जातो, आणि त्याच संध्याकाळी नाशिक शहरातले कोणी तरी विचारते की हे लोक सॉसचा कारखाना का काढत नाहीत. मी लहान उद्योगांचे हिशेब लिहितो, घरची शेती निफाड तालुक्यात आहे, आणि तरीही कित्येक वर्षे हाच प्रश्न मीही तितक्याच आत्मविश्वासाने विचारत होतो.

तो आत्मविश्वास चुलत भावाबरोबर एका प्रक्रिया कारखान्यात गेलो त्या दिवशी गेला. नमुन्यासाठी आम्ही वीस किलोची दोन कॅरेट नेली होती. तिथल्या तपासनिसाने एक टोमॅटो चिरला, रसातले विरघळलेले घन पदार्थ मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब टाकला, खिडकीकडे धरून डोळा लावला आणि ‘चार पॉइंट दोन’ एवढेच म्हणाला. हे माप ब्रिक्सचे, म्हणजे रसातल्या विरघळलेल्या घन पदार्थांच्या टक्क्यांचे. भाऊ म्हणाला, ‘साहेब, माल तरी बघा, हा दिल्लीला जातो.’ त्यावर तपासनिसाने शांतपणे सांगितले की दिल्लीला चकाकी आणि टणक साल लागते, त्याला मात्र आतला गर लागतो, आणि या फळात पाणीच जास्त आहे.

परतताना मी गाडीतच आकडेमोड केली. २८ ब्रिक्सची पेस्ट करायची तर ४.२ ब्रिक्सचा साधारण ६.७ किलो टोमॅटो आटवावा लागतो आणि प्रक्रियेच्या वाणाचा, ५.५ ब्रिक्सचा, साधारण ५.१ किलो पुरतो. साल-बियांची तूट यात धरलेली नाही. म्हणजे आपला माल घेतला तर पेस्टच्या प्रत्येक किलोमागे दीड किलोहून अधिक जादा पाणी कारखान्याने विकत घ्यायचे, वाहून आणायचे आणि इंधन जाळून उडवायचे. आपला माल त्याला फुकटाच्या भावातही महाग का पडतो, हे तेव्हा उमगले.

कांद्याचेही तसेच आहे. लासलगावसारखी बाजारपेठ आपल्या जिल्ह्यात असताना कांदा सुकवण्याचे कारखाने मात्र गुजरातेत भावनगर जिल्ह्यातल्या महुव्याभोवती एकवटले, याची आपल्याकडे फार हळहळ होते. पण सुकवायला घन पदार्थ जास्त असलेला पांढरा कांदा लागतो. १८ टक्के घन पदार्थांच्या कांद्यातून एक किलो सुका माल काढायला सोललेला कांदा पाच-साडेपाच किलो लागतो, तर १२ टक्क्यांच्या कांद्यातून आठ किलोच्या आसपास. आपला उन्हाळ कांदा चाळीत टिकतो, हे त्याचे मोठेपण. त्याची गोल्टी (बारीक कांदा) आणि खाद (खराब, टाकाऊ कांदा) स्वस्तात उचलून कोणी कारखाना चालवील, ही आशा मात्र मला भाबडी वाटते.

द्राक्षात हे गणित आपल्याला सुटले, कारण तिथे सुरुवात वेलीपासून झाली. १९९०च्या दशकाच्या अखेरीस सुला ही वाइन कंपनी नाशिकला सुरू झाली, २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणून करात सवलत दिली, विंचूरला वाइन पार्क झाले. आणि या सगळ्यांसाठी खाण्याची थॉमसन नव्हे, तर शेनिन ब्लां, शिराझ अशी वेगळी वाणे लावली गेली. पण याचीही दुसरी बाजू आमच्या नात्यातल्या एका बागायतदाराने भोगली. २००८ नंतर वाइनची मागणी मंदावली तेव्हा करार केलेल्या खरेदीदाराने माल उचलला नाही, आणि बारीक, बियांची ती द्राक्षे खाण्याच्या बाजारात कोणी विचारेना. दोन वर्षे वाट पाहून त्याने बाग तोडली. कारखान्यासाठी पीक घ्यायचे म्हणजे बाजाराची पळवाट स्वतःच बंद करायची, हे धोरणे लिहिणाऱ्यांच्या फारसे ध्यानात येत नसावे.

अर्थात शेतकऱ्याचा शब्दही नेहमी टिकतो असे नाही. करार किलोला आठ रुपयांचा आणि बाजारात कॅरेटला चांगला भाव निघाला, तर गाडी पहाटे कुठे वळते हे मी घरातच पाहिले आहे. कारखान्याला तेव्हा बॉयलर विझवून बसावे लागते आणि कर्जाचे व्याज तर चालूच राहते. म्हणूनच दिंडोरी तालुक्यात मोहाडीला उभी राहिलेली सह्याद्री फार्म्स मला महत्त्वाची वाटते: ती शेतकऱ्यांचीच उत्पादक कंपनी असल्याने बांध आणि बॉयलर एकाच मालकीत येतात. द्राक्षांच्या निर्यातीत बस्तान बसवून मग ती प्रक्रियेकडे वळली, हा क्रमही शहाणपणाचा. शिवाय पॅकहाउसचे, म्हणजे माल निवडून पेट्यांत भरण्याचे, काम हंगामात हातांनीच होते, आणि पेठ-सुरगाण्याकडून छाटणीला येणाऱ्या मजुरांच्या जिल्ह्यात रोजगाराचा विचार यंत्राच्या आधी व्हायला हवा.

सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० पासून केंद्राची योजना आहे. प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान मिळते. माझ्याकडे तिची कागदपत्रे घेऊन येणाऱ्यांना मी आता पहिला प्रश्न यंत्राच्या कोटेशनचा विचारत नाही, कच्चा माल कोणत्या वाणाचा आणि कोणाच्या शेतातला, हा विचारतो. बहुतेकांचे उत्तर असते, ‘बाजारातून घेऊ की.’

भाऊ यंदा अर्धा एकर प्रक्रियेचे वाण लावायला तयार झाला आहे. त्याची अट एकच आहे: रोपवाटिकेत आगाऊ रक्कम भरण्याआधी भाव कागदावर हवा. कारखान्याने मसुदा पाठवला आहे, त्यात भावाची जागा रिकामी आहे.